वेचणी यंत्र मागवलं, हातपंखा आला

वाचकाचं पत्र

आदरणीय ताई,

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. आमचा बारा जणींचा बचत गट आहे आणि मी सचिव आहे. यंदा वेचणीला बाया मिळेनात. कापूस वावरात फुटून पडलेला आणि वेचायला हात नाहीत. त्यात फेसबुकवर बॅटरीवर चालणाऱ्या वेचणी यंत्राची जाहिरात दिसली. सगळं मराठीत होतं, ‘शेतकरी बांधवांसाठी खास सवलत, फक्त 7 नग शिल्लक’. एका यंत्राचे 13,800 रुपये. बैठकीत ठरवून प्रत्येकीने 2,300 काढले आणि दोन यंत्रं मागवली. 9 नोव्हेंबरला माझ्या डेबिट कार्डावरून भाच्याने पैसे भरले. त्यासाठी बँकेच्या ॲपमधून ‘इंटरनॅशनल’ सुरू करावं लागलं.

3 डिसेंबरला पार्सल आलं. आत हातात धरायचे, चार्जिंगचे दोन छोटे पंखे निघाले. पाकिटावर चिनी अक्षरं. ईमेल केला तर म्हणाले, माल ठेवून घ्या, 15 टक्के परत देतो. पासबुकात 27,600 च्या खाली आणखी 977 रुपये कापलेले दिसतात, ते कशाचे तेही कळत नाही. रागाने मी त्या जाहिरातीखाली आमची फसवणूक झाली म्हणून लिहिलं, सोबत फोन नंबरही टाकला. दोन दिवसांनी फोन आला. ‘दिल्लीहून, आंतरराष्ट्रीय ग्राहक न्यायालयातून बोलतो, तुमचे पैसे मंजूर झालेत, 4,500 रुपये क्लिअरन्स फी भरा.’ सोबत शिक्क्याचं पत्र, बँकेचा खाते नंबर आणि एक ॲप टाकून घ्यायला लिंक.

दीर म्हणतात, चोर परदेशात बसलाय, आपल्या पोलिसांचे हात तिथवर पोचतात का, गप्प बसा. गटातल्या दोघी माझ्याशी बोलत नाहीत. आमचं ऐकणारं कुणी आहे का? आणि ती फी भरू का?

एक बहीण, जि. यवतमाळ

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते उद्यावर टाकण्यासारखं नाही. ती फी भरू नका. एक रुपयाही नाही. ‘आंतरराष्ट्रीय ग्राहक न्यायालय’ नावाचं न्यायालय दिल्लीत नाही आणि जगात दुसरीकडेही कुठे नाही. लिंकवरून ॲप घेतलं असेल तर आत्ताच्या आत्ता फोनचं इंटरनेट बंद करा, ॲप काढून टाका आणि बँकेचे पासवर्ड व पिन दुसऱ्याच फोनवरून बदला. अशा ॲपमधून तुमच्या फोनचा पडदा समोरच्याला दिसतो. तुम्ही टाकलेला पिनही दिसतो आणि आलेला ओटीपीही.

एकदा फसलेल्या माणसाला दुसऱ्यांदा गाठायचं, ही या धंद्याची ठरलेली रीत आहे. पैसे गेल्यावर माणूस हवालदिल असतो. कुणी ‘परत मिळवून देतो’ म्हटलं की त्याला तो देव वाटतो. जाहिरातीखाली तुम्ही जे लिहिलंत ते कुणीतरी वाचलं आणि नंबर उचलला. कुणी इंटरपोलचं नाव सांगतं, कुणी सीबीआयचं, कुणी रिझर्व्ह बँकेचं. यातलं कुणीही गेलेले पैसे परत देण्यासाठी फी मागत नाही. त्या जाहिरातीखालचा तुमचा नंबर आजच पुसून टाका.

पण त्याने पाठवलेला खाते नंबर मात्र पुसू नका. बोलणारा कुठूनही बोलत असो, 4,500 रुपये ज्या खात्यात जाणार होते ते खातं आपल्याच देशातल्या बँकेत आहे. ते बहुधा आपल्यासारख्याच कुठल्यातरी गावातल्या पोराचं असेल. महिन्याला दोन-चार हजार देतो म्हणून त्याने पासबुक, एटीएम आणि सिमकार्ड कुणाच्या तरी हवाली केलेलं असेल. बाहेर बसलेल्या टोळ्यांना आपल्या लोकांचे पैसे गोळा करायला इथली खाती लागतात. तिथून पैसे आणखी चार खात्यांत फिरतात, मग कुठे देशाबाहेर जातात. तो खाते नंबर, फोन नंबर आणि ते शिक्क्याचं पत्र ‘संचार साथी’ संकेतस्थळावरच्या ‘चक्षू’ या सुविधेत टाका. पैसे गेले नसले तरी नुसत्या संशयास्पद फोनची किंवा मेसेजची माहिती तिथे देता येते. भाच्याला सांगितलंत तर दहा मिनिटांचं काम आहे. आणि त्यालाच हेही सांगा की बाळा, कुणी कितीही पैसे देऊ केले तरी तुझं खातं कुणाला वापरायला देऊ नकोस. गुन्हा दाखल होतो तेव्हा पोलीस सगळ्यात आधी खातेदाराच्या दारात येतात.

आता तुमच्या 27,600 रुपयांकडे वळू.

पासबुकातल्या 977 रुपयांनी तुम्ही गोंधळलात, पण मला त्याच ओळीने सगळं सांगितलं. 27,600 चे तीन टक्के होतात 828. त्यावर 18 टक्के जीएसटी धरला की 977. म्हणजे परदेशी व्यवहारासाठी बँकेने घेतलेलं ते शुल्क आहे. जाहिरात मराठीत होती, फोटो पऱ्हाटीच्या वावराचा होता, तरी विकणारा भारताबाहेरचा आहे याचा पुरावा तुमच्याच पासबुकात छापलेला आहे. त्या पानाची झेरॉक्स काढून ठेवा.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे 2020 पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आधीच बंद असतात, आपण मुद्दाम सुरू केल्याशिवाय ते चालत नाहीत. तुमच्या भाच्याने जे बटण दाबलं ते हेच. ते आज बंद करा. परदेशी विक्रेत्याकडे कार्ड वापरताना पुष्कळदा ओटीपी मागितला जात नाही, नुसत्या कार्डाच्या नंबरवर पैसे जातात. तुमचा नंबर आता त्यांच्याकडे आहे, तेव्हा कार्डही बंद करून नवीन घ्या.

पैसे परत मिळवायचा तुमच्यासाठी सगळ्यात जवळचा रस्ता तुमच्या बँकेच्या शाखेतून जातो. त्याला चार्जबॅक म्हणतात. कार्डाच्या कोपऱ्यात व्हिसा किंवा मास्टरकार्ड लिहिलेलं असेल. या कंपन्यांचे नियम सगळ्या देशांतल्या त्यांच्या बँकांना लागू आहेत. माल आलाच नाही किंवा सांगितला एक आणि पाठवला दुसरा, तर ग्राहकाची बँक विक्रेत्याच्या बँकेकडून पैसे परत मागू शकते. मुदत साधारण 120 दिवसांची असते. तुमच्या 9 नोव्हेंबरपासून मोजलं तरी मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत वेळ आहे. पण या आठवड्यातच जा. सरहद्दीपलीकडच्या माणसाकडून पैसे ओढून आणणारा हा दोर सरकारचा नाही, कार्ड कंपन्यांचा आहे, आणि छोट्या रकमेसाठी आजघडीला तोच सगळ्यात मजबूत आहे.

इथे एक चूक पुष्कळ जण करतात. बँकेत जाऊन लिहून देतात, ‘माझ्या खात्यातून कुणीतरी पैसे काढले.’ रिझर्व्ह बँकेचं जुलै 2017 चं परिपत्रक आहे, की खातेदाराच्या नकळत तिसऱ्याच कुणी पैसे काढले आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर त्याच्यावर भुर्दंड नाही. कुणीतरी ते वाचून तुम्हाला तसं लिहायला सांगेल. ऐकू नका. पैसे तुम्ही स्वतः भरलेत आणि बँकेकडे त्याची नोंद आहे. खोटं लिहिलं तर खरी तक्रारही त्यासोबत बुडते. तुमचं भांडण मालाबद्दल आहे, तेच लिहा. मी सोळा वर्षं असे अर्ज लिहून देते, तुमच्यासाठी मजकूर देते:

‘मा. शाखा व्यवस्थापक यांस, माझ्या डेबिट कार्डावरून (शेवटचे चार अंक अमुक) दि. 9 नोव्हेंबर रोजी परदेशी विक्रेत्यास 27,600 रुपये दिले. कापूस वेचणीची दोन यंत्रे मागवली होती. दि. 3 डिसेंबर रोजी त्याऐवजी हातात धरायचे दोन पंखे मिळाले. विक्रेत्यास लेखी कळवून पूर्ण रक्कम मागितली व वस्तू परत करण्याची तयारी दाखवली. त्याने पूर्ण रक्कम देण्यास नकार दिला. वर्णनाशी न जुळणारा माल मिळाल्याच्या कारणावरून चार्जबॅकची कार्यवाही करावी आणि तक्रार क्रमांक द्यावा. परदेशी व्यवहाराचे शुल्क 977 रुपयेही परत मिळावे.’

अर्ज देण्याआधी विक्रेत्याला तसा ईमेल खरंच करा. 15 टक्के नको, पूर्ण पैसे हवेत, पंखे परत पाठवायला आम्ही तयार आहोत, असं स्पष्ट लिहा. ते 15 टक्के घेऊ नका. ते घेतले की विक्रेता त्याच्या बँकेला सांगतो, ग्राहकाशी तडजोड झाली, आणि चार्जबॅक तिथेच अडकतो. पंखे पोरांना खेळायला देऊ नका, पाकिटासकट कपाटात ठेवा.

पुराव्याची ही रीत तुम्हाला नवीन नाही. बोगस बियाणं निघालं की आपण काय सांगतो? पिशवी फेकू नका, टॅग फाडू नका, बिल सांभाळा. इथे जाहिरातीचा फोटो म्हणजे टॅग, पार्सलचं लेबल म्हणजे पिशवी, पासबुकाची ओळ म्हणजे बिल. जाहिरात अजून दिसत असेल तर किंमत आणि यंत्राचं वर्णन दिसेल असे स्क्रीनशॉट आजच काढा. अशी पानं महिन्याभरात गायब होतात.

मागच्या हिवाळ्यात हिंगणघाटकडचे एक शेतकरी माझ्याकडे आले होते. परदेशी साइटवरून फवारणीचं यंत्र मागवलं आणि आलं नळीचं नोझल. बँकेच्या खिडकीवर त्यांना सांगितलं, तुम्हीच पैसे भरले, आमचा काय संबंध. ते परत फिरले आणि पायरीवर बसून राहिले. आम्ही दोघं पुन्हा आत गेलो, अर्जावर शिक्का मारून घेतला, तक्रार क्रमांक मागितला. क्रमांक मिळाल्यावर पुढे फाइल हलली आणि सत्तराव्या दिवशी पैसे जमा झाले. दर वेळी असं होतंच, असं वचन मी देत नाही. विक्रेताही आपली बाजू मांडतो. पण तोंडी सांगितलेल्या तक्रारीला पाय फुटत नाहीत. शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय शाखेतून उठू नका. बँकेने 30 दिवसांत दाद दिली नाही किंवा नकार दिला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. 14448 या नंबरवर माहिती मिळते.

पोलिसांचं म्हणाल तर 1930 वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तुमचे पैसे कार्डाने थेट बाहेर गेल्यामुळे ते वाटेत अडवणं अवघड आहे. यूपीआयने किंवा खात्यात पैसे गेले असते तर मी तुम्हाला पत्र लिहित बसू नका, आधी 1930 फिरवा असं सांगितलं असतं. तिथे पैसे इथल्याच चार खात्यांतून फिरत असतात आणि पहिल्या एक-दोन तासांत ते गोठवता येतात. गटातल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये 1930 हा नंबर टाकून द्या.

ग्राहक म्हणूनही तुमची तक्रार बसते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915, तिथे मराठीतही बोलता येतं. कुणी म्हणेल, गटाने यंत्र धंद्यासाठी घेतलं, मग तुम्ही ग्राहक कशा? कायद्यात सरळ लिहिलंय की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत मोडत नाही. बियाण्याच्या बाबतीत हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. 2012 साली नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानलं. 2019 च्या कायद्याने तर तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. 2020 चे ई-कॉमर्स नियम परदेशी विक्रेत्यांनाही लागू आहेत, तो भारतातल्या ग्राहकांना नेमाने माल विकत असेल तर. पण कागद आणि अंमलबजावणी यांत अंतर आहे, हे तुमच्यापासून लपवणार नाही. नोटीस बजावायला पत्ता लागतो, आणि या लोकांचा पत्ताच खोटा असतो. म्हणून आयोगाचा मार्ग मागे ठेवा, बँकेचा पुढे.

आता तुमच्या दिरांचं बोलणं. ते चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. यवतमाळचा पोलीस चीनमध्ये जाऊन दुकान सील करू शकत नाही, हे खरं. देशादेशांत यासाठी काही उभंच राहिलेलं नाही, हे मात्र खरं नाही. संयुक्त राष्ट्रांनी एप्रिल 1985 मध्ये ग्राहक संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली. पुढच्याच वर्षी, 24 डिसेंबर 1986 ला आपला ग्राहक कायदा झाला. त्या दिवसाची आठवण म्हणून आपल्या तहसीलीत ग्राहक दिन होतो. 2015 मध्ये ती तत्त्वं सुधारली तेव्हा ऑनलाइन खरेदीचा विषय त्यात आला. 1992 पासून अनेक देशांच्या ग्राहक यंत्रणांचं एक जाळं काम करतं, ‘आयसीपेन’ म्हणतात त्याला. त्यांचं तक्रारीचं संकेतस्थळ 2001 पासून चालू आहे: ‘ईकन्झ्युमर डॉट गव्ह’. एका देशातल्या ग्राहकाने दुसऱ्या देशातल्या विक्रेत्याविरुद्ध तक्रार करायची जागा ती हीच. अर्ज इंग्रजीत भरावा लागेल, भाच्याला बसवा. ते तुमचे पैसे वसूल करून देणार नाहीत, हे आधीच सांगते. ते तक्रारी साठवतात, जुळवतात, आणि त्या त्या देशाच्या तपास यंत्रणांना दाखवतात.

मग त्याचा उपयोग काय, असं तुम्ही विचाराल. तुमच्या गटात महिन्याला शंभर-दोनशे जमा होतात. एकटीच्या शंभरात काही होत नाही, बारा जणींच्या वर्षभराच्या शंभरांवर बँक कर्ज देते. या टोळ्या प्रत्येकाकडून थोडंच घेतात, तेही दहा देशांतल्या लोकांकडून. एका तक्रारीवर कुठलाच देश तपास उघडत नाही. हजारो तक्रारी एकाच विक्रेत्याकडे बोट दाखवतात तेव्हा उघडतो. वेस्टर्न युनियन या पैसे पाठवणाऱ्या कंपनीचं असंच झालं. ठग तिच्यामार्फत लोकांकडून पैसे मागवत होते आणि कंपनी ते रोखत नव्हती. वर्षानुवर्षं साठलेल्या तक्रारींचा पुरावा झाला. जानेवारी 2017 मध्ये कंपनीने अमेरिकी सरकारला 58 कोटी 60 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं आणि मार्च 2020 पासून त्यातून फसलेल्या लोकांना परतावे मिळू लागले, अमेरिकेबाहेरच्यांनाही. ज्यांच्या फसवणुकीची कुठेच नोंद नव्हती, त्यांना शोधणार कोण?

आणि हात दोन्हीकडे पोचावे लागतात. ऑक्टोबर 2016 मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले. तिथे आपली शिकलेली पोरं रात्रभर अमेरिकेतल्या लोकांना फोन करून, आम्ही तुमच्या आयकर खात्यातून बोलतो, अटक होईल, असं धमकावत होती. तिकडची म्हातारी माणसं भिऊन पैसे भरत होती. तेव्हा त्यांच्यासाठी ‘परदेशातले चोर’ आपणच होतो. तिथल्या कुण्या आजीने लाजेने तोंड मिटून घेतलं नाही, तक्रार केली, म्हणून धागे जुळतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या बाईची तक्रारही त्याच वजनाची आहे.

राहिला गटाचा प्रश्न, जो मला पैशांपेक्षा जास्त टोचला. यंत्र घ्यायचा ठराव बाराही जणींचा होता ना? मग इतिवृत्ताच्या वहीत तो असेल. पुढच्या बैठकीत वही उघडा, पासबुकाचं पान मधे ठेवा, ते पंखे दाखवा आणि आज काय काय केलंत ते तारखेनिशी सांगा. बँकेत सोबत त्या न बोलणाऱ्या दोघींपैकी एकीला घेऊन जा. अर्जाला पोच मिळताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तर गावात तीच सांगेल. नवीन यंत्र घ्यायचंच झालं तर आधी तालुक्याच्या कृषी कार्यालयात विचारा. दुकानात जाऊन यंत्र एका ओळीवर चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

सोमवारी सकाळी गर्दी व्हायच्या आत शाखेत पोचा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक त्यांना, एक शिक्का मारून तुम्हाला. पोचेचा फोटो मला पाठवा आणि त्यावरची तारीख कॅलेंडरवर गोल करून ठेवा. तिसाव्या दिवसापर्यंत उत्तर आलं नाही तर लोकपालाचा अर्ज मी लिहून पाठवीन, सही तुम्ही करा.